पाव फेरा ढिला

पुतणीच्या सोयरिकीची बैठक होती. उदगीरला आमच्या थोरल्या भावाचं भुसार मालाचं दुकान, समोरची मंडळीही अडतवालीच. चहा झाला, गावं-नावं झाली, आणि मुलाच्या मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आपलं काय असतं नांदेडला?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "इलेक्ट्रिकचं दुकान आहे." मी चहाच्या कपात बघत बसलो. आमच्या लिंगायतांच्या घरात काटा, पोती आणि गूळ यांचीच भाषा. त्यात धाकटा भाऊ ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी नीट करून देतो, हे भर बैठकीत सांगायची भावाला लाज वाटते. वाटो बापडी. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट घरी येऊन बायकोला रंगवून सांगायचो, आणि दोघं पोट धरून हसायचो.

खरी लाज मला फार उशिरा भेटली. ज्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, त्यांच्याकडून ती मिळाली. ती गोष्ट सांगण्यासाठी आधी धंदा थोडा समजावून सांगावा लागेल.

गिटार सगळ्यांना माहीत असते. बेस गिटार म्हणजे तिची थोरली बहीण. सहाऐवजी चार तारा, त्याही सायकलच्या ब्रेकच्या वायरीएवढ्या जाड. तिचा आवाज कानाआधी पोटाला कळतो. आमच्याकडे जयंतीच्या गाण्यांच्या पार्ट्या, कव्वालीवाले, लग्नातले ऑर्केस्ट्रा, चर्चमधली मंडळी, सगळ्यांकडे एक बेसवाला असतो. तो स्टेजवर मागं, ड्रमच्या बाजूला उभा असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच्याबरोबर कुणी फोटो काढत नाही. पण तो आला नाही की गाणं अळणी लागतं. का लागतं, ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

या वाद्याला लाकडाची लांब मान असते. मानेवर आडवे धातूचे पडदे बसवलेले असतात, सतारीला असतात तसे. चार जाड तारा त्या मानेला रात्रंदिवस एकाच बाजूनं ओढतात, त्यामुळं ती पुढं वाकते. तिला सावरायला मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते आणि सळईच्या टोकाला नट. सहा कोनांच्या चावीनं तो नट आवळला की मान सरळ होते, ढिला केला की पुढं झुकते. आता कुणी म्हणेल, मग करून टाका सरळ. तसं चालत नाही. जाड तार वाजते तेव्हा ती चांगली हलते आणि हलायला तिला जागा लागते. म्हणून मानेत पोस्टकार्ड सरकेल एवढा बाक ठेवायचा. तेवढी जागा मिळाली नाही तर तार खालच्या पडद्यांना घासते आणि सुराबरोबर एक बारीक झर्र असा आवाज निघतो. तंबोऱ्यावर असाच झणकार कारागीर मुद्दाम काढतात, त्याला जवारी म्हणतात, आणि ती काढणाऱ्याला लोक वाकून नमस्कार करतात. बेसला ती निघाली तर वाकून नमस्कार करायची पाळी माझ्यावर येते.

गंमत अशी की वाजवणाऱ्याला तारा जेवढ्या खाली, पडद्याजवळ, तेवढं बोटांना सुख. आणि तारा जेवढ्या खाली, तेवढी झरझर जवळ. बोटाला सुख द्यायचं आणि झरझर होऊ द्यायची नाही, यात माझा जन्म गेला. वायरिंग, खुंट्या, घोडी, झिजलेले पडदे, ही कामं कुणालाही शिकवता येतात. तो नट मात्र कानानं फिरवावा लागतो. तार छेडायची, ऐकायचं, किंचित फिरवायचं, परत ऐकायचं.

त्यातून आमच्याकडचा उन्हाळा. बेस गिटार जीपच्या टपावर, पेटी आणि भोंग्यांच्या मधे दोरीनं बांधून आणणारे लोक मी पाहिले आहेत. देगलूरकडचा एकजण आला, त्याच्या बेसची मान धनुष्यासारखी वाकलेली. मी विचारलं, हे कसं झालं? तर म्हणाला, आपोआप झालं. खोदून विचारल्यावर कळलं, त्यांचा गायक पेटीच्या काळी पाचमध्ये, म्हणजे चांगल्या वरच्या पट्टीत गायचा आणि या गड्याला मोकळ्या तारेवरची एकच चाल येत होती. हात वर सरकवून वाजवायचं सोडून यानं चारही तारा पिळून पिळून गायकाच्या सुरापर्यंत चढवल्या होत्या. मी म्हटलं, "अरे, मान मोडली असती." तो म्हणाला, "गायक दम देऊन राहिला होता आप्पा, त्याची काळी पाच आधी का माझी मान आधी?"

पण माझं सगळ्यांत लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मुखेडचा उत्तम. मूळचा ढोलकीवाला, पार्टीला बेसवाला मिळेना म्हणून बेसकडे वळलेला. हात इतका गोड की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकत बसायचो. त्याची बेस सुरुवातीला दर महिन्याला बिघडून यायची. आज मान पुढं, उद्या मागं. मला कोडं सुटेना. एकदा मी त्याला म्हटलं, कार्यक्रम संपला की तू नेमकं काय करतोस ते सगळं सांग. तर म्हणाला, "काय न्हाई आप्पा, तारा उतरवितो अन् पिशवीत घालितो."

"उतरवतोस म्हणजे?"

"ढिल्या करितो. ढोलकीच्या न्हाई का करत? बाप म्हणायचा, वाजवून झाल्यावर वाद्याला बी झोपू द्यावं."

ढोलकीचं चामडं ताणलेलं राहू नये म्हणून तिच्या दोऱ्या ढिल्या करतात, हे बरोबरच. पण बेसची मान तारांच्या ओढीवर तोललेली असते. रोज तारा सोडल्या की ती बिचारी रोज मागं कलंडणार, रोज पुढं येणार. मी त्याला अर्धा तास समजावलं. त्यानं कान पकडले. ही गोष्ट मी नंतर इतक्या लोकांना सांगितली की उत्तमची ओळखच ती झाली. नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतले बेसवाले त्याला बघितलं की म्हणत, "काय उत्तमराव, झोपली का बेस?"

माझा एक कायदा होता, आणि तो मी दुकानात भिंतीवर लिहायचा तेवढा बाकी ठेवला होता. नटाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. चुकीचा पिळला तर सळई तुटते, मग सगळी मानच फेकून द्यावी लागते. एका पोरानं पक्कड लावून तसं केलेलं पण होतं. म्हणून मी चाव्या विकायला ठेवत नव्हतो. ज्यानं हात लावला, त्यानं परत माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही, असं मी तोंडावर सांगायचो. लोक ऐकायचे. या भागात वयाचा आणि हुन्नराचा लिहाज ठेवतात, मान राखतात. त्या लिहाजावर मी मस्त टेकून बसलो होतो.

अलीकडच्या काही वर्षांत माझी एक ख्याती झाली. आप्पाच्या हातची बेस म्हणजे लोणी, असं लोक म्हणू लागले. तारा अशा खाली बसवतो की बोट ठेवायचा अवकाश. तरुणपणी मला इतक्या खाली तारा कधी आणता आल्या नव्हत्या, तिथवर पोचायच्या आधीच झरझर सुरू व्हायची. आता होत नव्हती. वय वाढतंय तसा माझा हात सुधारतोय, असं मी मनाशी धरून चाललो होतो. बायकोला म्हणायचोसुद्धा, "लोकांचे हात साठीनंतर कापतात, माझा बघ."

त्याच सुमारास तिची एक तक्रार सुरू झाली होती. "अहो, फ्रिजचं दार उघडं ठेवलंत. केव्हाचं टीं टीं करतंय, ऐकू येईना का?" मी म्हणायचो, आपल्या फ्रिजला आवाजच नाही. ती म्हणायची, घेतला तेव्हापासून आहे. हा वाद आमच्या घरात पुष्कळ दिवस चालला आणि मी तो दर वेळी जिंकला.

तक्रार करायला येणारे एखाददुसरे बेसवालेही होते. "आप्पा, जाड तार जराशी झरझर वाजून राहिली." मी बेस मांडीवर घ्यायचो, तार छेडायचो, ऐकायचो. स्वच्छ. मग विचारायचो, जीपच्या टपावर ठेवली होती का? उन्हात ठेवली होती का? पार्टीतल्या माणसानं उन्हात कधीच वाद्य ठेवलं नाही असं होत नाही, त्यामुळं तो गडबडायचा. मी म्हणायचो, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि बेस घेऊन जायचा. उत्तम एकदा-दोनदा आला, तेव्हा तर मला विचारायचीही गरज पडली नाही. "झोपवली का रे परत?" मी म्हटलं. उत्तम बेस परत पिशवीत घालत म्हणाला, "हाव आप्पा, उतरवली असंल मीच. सवय जात न्हाई."

एकच गिऱ्हाईक हसलं नाही. लातूरच्या एस्तेर सिस्टर. दवाखान्यात नर्स आहेत आणि रविवारी चर्चमध्ये बेस वाजवतात. बोलायला सरळ, फटकळच म्हणा. माझ्याकडून नेलेली बेस त्या आठवड्याभरातच परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, वाजतंय."

मी म्हटलं, "बसच्या टपावर टाकली असेल."

"मांडीवर आणलीये. नेतानाही मांडीवरच नेली होती."

मी तार छेडली. "कुठं वाजतंय?"

"आत्ता वाजलं की! तुम्हाला नाही आलं ऐकू?" त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. त्या नजरेचा मला राग आला, कारण ती गिऱ्हाइकाची नजर नव्हती, नर्सची होती. "आप्पा, राग मानू नका. एकदा कान दाखवून घ्या. वयानं आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. माणसाला कळतसुद्धा नाही."

दुकानात तेव्हा दोन-तीन माणसं होती. मी म्हटलं, "सिस्टर, या कानावर दोन जिल्हे वाजतात. तुम्ही इंजेक्शनं द्या, मी तारा लावतो." माणसं हसली. सिस्टरनी बेस पिशवीत घातली आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मला वाटलं, बरं झालं.

मग मुखेडचा कार्यक्रम ठरला. उत्तमच्या पार्टीचा वर्धापन का काहीतरी होता, आणि त्यात माझा सत्कार करायचा त्यांनी घाट घातला. आजूबाजूच्या पार्ट्यांचे बेसवालेही येणार होते. फोनवर उत्तम म्हणाला, "आप्पा, आमच्या सगळ्यांच्या बेस तुमच्या हातच्या. शाल तं घालावीच लागते." मी वरवर नको नको म्हटलं आणि बायकोकडून पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. भावालाही उदगीरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "चांगलंय. पेपरला येणार का?"

दुपारच्या एसटीनं मी मुखेडला उतरलो. कार्यक्रम संध्याकाळचा, पण नंतरच्या गाडीचा भरवसा नसतो म्हणून लवकर निघालो होतो. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडणं चाललं होतं. स्टेजमागच्या खोलीतून बेसचा आवाज येत होता, म्हणून मी तिकडं गेलो. दार अर्धवट लोटलेलं. आत सतरंजीवर उत्तम बसला होता, मांडीवर त्याची बेस. आठवड्यापूर्वीच ती मी लावून दिली होती. समोर भोकरच्या पार्टीचा बेसवाला, त्याचीही बेस माझ्याकडचीच. मी हाक मारणार, तेवढ्यात भोकरवाला म्हणाला, "चावी दे रे."

उत्तमनं बेसच्या पिशवीच्या खिशातून सहा कोनांची चावी काढली आणि त्याच्याकडे टाकली.

"किती फिरवू?"

"आप्पाच्या हातची हाय ना? मग पाव फेरा ढिला. दर टायमाला तेवढंच लागते."

भोकरवाल्यानं एकदा तार छेडली, आपल्या बेसच्या नटाला चावी लावली, पाव फेरा फिरवला, सूर जुळवला, परत तार छेडली आणि मान डोलावली. "गेली झरझर."

मी दारात उभा होतो. दोन्ही वेळा तार वाजली, आधीही आणि नंतरही. मला दोन्हींत काडीचा फरक ऐकू आला नाही. जाड, गोल, स्वच्छ सूर दोन्ही वेळा. आणि ते दोघं समाधानानं एकमेकांकडे बघत होते, म्हणजे काहीतरी गेलं होतं. जे गेलं ते मला आधीपासूनच ऐकू येत नव्हतं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्या दाराशी कळलं. त्यांनी माझा कायदा मोडला होता याचं मला काहीच वाटलं नाही. वाटलं ते 'दर टायमाला' या शब्दांचं. म्हणजे हे नेहमीचं होतं. माझ्या चुकीचं मापसुद्धा त्यांनी काढून ठेवलं होतं, आणि ते एकमेकांना सांगत होते. दुकानातून निघायचे, माझे पैसे द्यायचे, 'एक नंबर आप्पा' म्हणायचे आणि मग कुठंतरी आडोशाला बसून माझं काम नीट करून घ्यायचे. माझा हात सुधारत नव्हता. तारा खाली येत होत्या, कारण मला थांबवणारा आवाजच माझ्यापर्यंत पोचत नव्हता. अंगणच वाकडं होतं, आणि नाचता येत नाही म्हणून मी त्यांनाच हसत होतो.

उत्तमचं लक्ष गेलं. चटकन उठला. चावी सतरंजीखाली गेली. "आप्पा! कवा आलाव? फोन तरी करायचा, गाडी पाठवली असती." मग माझी नजर बघून घाईघाईनं म्हणाला, "त्याची जरा वाटेत हलली होती. अन् माझी तं मीच काल उतरवली, झोपेत. तुम्हाला तं माहीतच हाय माझं."

भोकरवाला बेसच्या खुंट्या पुसत बसला. त्या नव्या होत्या, पुसायची काही गरज नव्हती.

मी "बरं बरं" म्हटलं आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. संध्याकाळी त्यांनी मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. निवेदक म्हणाला, "ज्यांच्या कानाला चुकार सूर चकवू शकत नाही, असे आमचे आप्पा." टाळ्या पडल्या. मग माझ्या हातात माईक दिला. मी तिथं खरं बोलायला पाहिजे होतं. पण समोर पाच-पन्नास माणसं, पहिल्या रांगेत उत्तमची आई, आणि मला धीर झाला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी सवयीनं उत्तमच्या झोपणाऱ्या बेसची गोष्ट सांगितली. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. सगळ्यांत मोठ्यानं उत्तम हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला एसटी स्टँडवर सोडायला आला. नारळ माझ्या पिशवीत नीट बसवत होता. मी विचारलं, "कवापासून?"

"काय आप्पा?"

"पाव फेरा. कवापासून?"

त्यानं नारळ परत बाहेर काढला, परत आत घातला. "जाऊ द्या ना आप्पा."

"कवापासून ते सांग."

"झाले असतील दोन-तीन उन्हाळे."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगावं?" तो म्हणाला. "ढोलकी सुटली तवा तुम्ही मला वाद्य धरायला शिकविलं. माझं घर त्याच्यावर चालून राहिलं. अन् तुमच्याच तोंडावर म्हणावं, आप्पा, तुम्हाला ऐकू येईना? आमच्यानं व्हत न्हाई. बाकी काम तुमचं लई भारी हाय, खरंच सांगतो. पाव फेऱ्याचीच तं गोष्ट हाय." मग गाडी आली आणि तो मला खिडकीची जागा धरायला आत घुसला.

पाव फेऱ्याचीच गोष्ट. गाडीत मी मांडीवरच्या पिशवीकडे बघत होतो. एखाद्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ज्यांना मी रागावत होतो, शिकवत होतो, त्यांनी इतकी वर्षं मला जपलं होतं, म्हाताऱ्याला न कळता त्याच्या ताटात मऊ भात वाढावा तसं. या मायेची मला जेवढी लाज वाटली, तेवढी भावाच्या 'इलेक्ट्रिकच्या दुकाना'ची कधी वाटली नाही.

नांदेडला आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोक्याला यंत्र लावून आवाज सोडले. जाड आवाज तुम्हाला तरुणासारखे ऐकू येतात, म्हणाले, बारीक आवाज गेलेत. घरी आल्यावर मी फ्रिजचं दार उघडून समोर उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातच होती. मी विचारलं, "वाजतंय का?" ती म्हणाली, "वाजतंय." आणि या खेपेला तिनं वाद घातला नाही, माझ्या दंडाला धरून मला खुर्चीवर बसवलं. कानातलं यंत्र घेतलं, पण ते घातलं की सगळ्याच तारा झरझरल्यासारख्या वाटतात, चांगल्याही. माणसांशी बोलायला ठीक आहे. बेस लावायला त्याचा उपयोग झाला नाही.

आता माझ्यापुढं एकच प्रश्न होता. हे काम मी यापुढं करायचं की नाही? करायचं तर दुसऱ्याच्या कानानं करावं लागणार. म्हणजे कुणीतरी शेजारी बसून 'वाजतंय' किंवा 'नाही' असं खरं सांगायला हवं. पुढच्या वेळी उत्तम बेस घेऊन आला तेव्हा मी चावी त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, "तूच फिरव. मी बघतो." तो दोन पावलं मागं सरकला. "तुमच्यासमोर? न्हाई जमायचं आप्पा." बरं, मग ऐकून तरी सांग, म्हटलं. मी तार छेडली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "एक नंबर." मी नट मुद्दाम गच्च आवळला, कुठल्याही बेसची झरझर होईल इतका, आणि परत छेडली. उत्तम खाली बघून म्हणाला, "एक नंबर आप्पा."

तेव्हा मला पुरतं कळलं, मी काय घालवलं ते. कान गेला ते गेलाच. पण वरून मी माझ्याभोवती अशी माणसं करून ठेवली होती की त्यांच्या तोंडून माझ्यासाठी खरं निघणंच बंद झालं होतं. मी त्याला म्हटलं, "ठेवून जा. दोन-चार दिवसांनी ये."

दुसऱ्या दिवशी मी उत्तमची बेस घेऊन लातूरच्या गाडीत बसलो. पिशवीची चेन खराब होती, म्हणून सत्काराची शाल बेसभोवती गुंडाळली आणि ती मांडीवर घेतली. एस्तेर सिस्टरची ड्युटी दुपारी सुटते, हे आधी फोन करून विचारलं होतं. फोनवर त्यांनी फक्त "या" म्हटलं होतं. त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात त्या ड्युटीच्या कपड्यांतच बसल्या होत्या. पाणी दिलं. शालीकडे बघितलं.

"कुणाचा सत्कार झाला?"

"माझा."

"कशाबद्दल?"

मी म्हटलं, "कानाबद्दल."

त्या हसल्या नाहीत. मी त्या दिवशी जे बोललो त्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात पुढे केला. "द्या इकडं बेस." मांडीवर घेतली, सूर बघितले, जाड तारेवर बोट ठेवून छेडली. लगेच म्हणाल्या, "वाजतंय."

आयुष्यात मला एवढं बरं कुठल्याच शब्दानं वाटलं नसेल, आणि एवढी लाजही. डोळ्यांत पाणी आलं ते मी शालीला पुसलं. म्हटलं, "कुठं?"

"पाचव्या पडद्यापासून पुढं. सातव्यावर फारच."

मी पाव फेरा ढिला केला, सूर जुळवला, परत त्यांच्याकडे दिली.

"कमी झालंय. अजून आहे."

परत थोडं. परत सूर. तार अगदी किंचित वर घेतली. त्या छेडायच्या, मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. असं बराच वेळ चाललं. कान त्यांचा, हात माझा. शेवटी त्या म्हणाल्या, "आता नाही."

"खरं सांगताय ना, सिस्टर?"

"खोटं बोलायचं असतं आप्पा, तर त्या दिवशीच बोलले असते, आणि तुमचा चहा पिऊन गेले असते." मग त्यांनी चर्चमधलं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. मला ते छान वाटलं. तसं मला मागची दोन-तीन वर्षं सगळंच छान वाटत होतं.

उत्तम येऊन बेस घेऊन गेला. मी त्याला काही सांगितलं नाही. आठवड्यानं त्याचा फोन आला. मी वाट बघत होतो 'एक नंबर'ची. तो म्हणाला, "आप्पा, ह्या टायमाला चावी लागली न्हाई."

मी म्हटलं, "तो कान माझा नव्हता रे, लातूरच्या एस्तेर सिस्टरचा होता. आता दर वेळी तसंच करणार. तू मला खरं सांगत नाहीस, म्हणून मला तिथवर जावं लागतं."

मग उत्तमचा आवाज आला, हळू. "आप्पा, मग एक खरं सांगू का? राग तं न्हाई ना मानणार?"

"सांग."

"तारा उतरवायची सवय मी तवाच सोडली. तुम्ही पहिल्यांदा समजावून सांगितलं ना, त्याच दिवशी. त्याच्यानंतर एकदाबी उतरवली न्हाई, नुसतं म्हणत राहिलो."

मुखेडच्या सभागृहात मी माईकवरून त्याची गोष्ट सांगत होतो, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तो का हसला, ते मला फोन हातात धरून कळलं.